पंच्याऐंशीच्या खाली

मला लिहायची सवय नाही. हॉटेलच्या फळ्यावर 'वडा संपला' यापलीकडे गेल्या वीस वर्षांत मी काही लिहिलेलं नाही. पण डायलिसिसच्या वॉर्डात ओळख झालेली माणसं अजून फोन करतात, "दादा, तुमी वजन कसं काय उतरवलं हो?" आणि तेच ते सांगून माझं तोंड दुखायला लागलं. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. शहाणपण शिकवायला नव्हे. मी कुठं कुठं माती खाल्ली ते कळावं, एवढंच.

आधी खाण्याचं सांगतो

चौसाळ्यात रोडला माझं हॉटेल आहे. चहा, भजी, वडा, मुरमुऱ्याचा भत्ता. आमचं घराणं मेंढरांचं. वडलांच्या माघारी मेंढरं धाकट्या भावानं, बिरूनं, सांभाळली आणि मी हॉटेलात बसलो. बसलो म्हणजे बसलोच.

मी जेवायला कधीच जास्त नव्हतो, हे मी कुणालाही शपथेवर सांगायचो. खोटंही नव्हतं ते. ताटात दीड भाकर, वर भात नाही. पण ताटाबाहेरचं कोण मोजतंय? सकाळी चहात खारी. दहाला पहिला घाणा निघाला की मीठ-तिखट बघायला दोन भजी, आणि दोनात नीट कळत नाही म्हणून आणखी दोन. दुपारी ओळखीचं गिऱ्हाईक आलं की त्याच्यासोबत मूठभर भत्ता. पाच वाजता हात आपोआप शेवेच्या बरणीत. कुणी विचारलं तर म्हणायचो, "खात न्हाई बाबा, चाखायलोय." चाखता चाखता एकशे दोन किलो झालो.

बिरू माझ्या उलट. खांद्यावर काठी, दिवसभर चालणं, पोट पाठीला लागलेलं. तरी आजार त्याच्याच वाट्याला आला. आधी पाय सुजले, मग दम लागायला लागला. वर्षानुवर्षं गुडघ्यासाठी दुकानातून आणून खाल्लेल्या गोळ्या आणि कधी न मोजलेलं ब्लडप्रेशर, असं डॉक्टर म्हणाले. दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्याला तीनदा बीडला जाऊन डायलिसिस. त्याची बायको सीता किडनी द्यायला तयार होती, पण तिचा रक्तगट जुळेना. आई-वडील नाहीत. पोरगी लग्नाची, आणि तिची किडनी घ्यायला बिरू मेला तरी तयार झाला नसता. राहिलो मी.

मी छाती पुढं काढून म्हणालो, "माझी घ्या." छातीच्याही पुढं पोट होतं, ते डॉक्टरांनी बघितलं.

ज्या दिवशी मीच पेशंट झालो

संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात दोन दिवस तपासण्या झाल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी आम्हा तिघांना आत बोलावलं. बिरू, सीता आणि मी. मॅडम शांत बाई, आवाज कधी चढवत नसत.

"रक्तगट जुळतोय. बाकीची जुळणीही चांगली आहे," त्या म्हणाल्या. सीतेनं हात जोडले. मग त्यांनी बिरूची फाईल मिटली आणि माझी उघडली.

"वजन एकशे दोन. साखर काठावर. लिव्हरला चरबी. आज तुमची किडनी घेतली, तर काही वर्षांनी तुम्हीच यांच्या शेजारच्या खाटेवर याल. मी घेणार नाही."

"मग?"

"पंच्याऐंशीच्या खाली या. साखर उतरवा. मग बघू."

"किती दिवसांत?"

त्यांनी माझ्याकडं नाही, बिरूकडं बघितलं. "लवकर," म्हणाल्या. त्या दिवसाचं बाकी बरंच विसरलो, पण ती नजर विसरलो नाही.

येताना एसटीत बिरूनं खिडकीची जागा मला दिली. "जाऊ दे दादा, बघू," म्हणाला. मरायला टेकलेला माणूस मला धीर देत होता! आणि मी काय केलं? मधल्या स्टँडवर समोसेवाला खिडकीशी आला, मी दोन समोसे घेतले आणि खाल्ले. त्याच दिवशी. भावाच्या शेजारी बसून. बिरू दुसरीकडं बघत राहिला. मला लाज वाटली, पण ती दुसरा समोसा संपल्यावर.

मेंढरामागं

पहिले चार दिवस पहाटे रोडनं फिरलो. फिरून हॉटेलात येऊन बसलो आणि भूक लागली म्हणून खाल्लं. पाचव्या दिवशी बायकोनं, मंदानं, मला गल्ल्यावरून उठवलं.

"बसून ऱ्हायलात की हात बरणीत जातो. उठा. हॉटेल मी बघते. बिरू भावजींची मेंढरं सीता एकटी वळायली. जा तिच्यासंगं."

साठ-पासष्ट मेंढरं. पहिल्या दिवशी माळावर गेलो तेव्हा वाटलं होतं, मेंढरामागं चालणं म्हणजे काय, हळूहळूच की. अहो, मेंढरू थांबत नाही. खात खात पुढं सरकत राहतं, आणि आपण दम खायला टेकलो की तेवढ्यात कुणाच्या तरी हरभऱ्यात. दुपारपर्यंत पायाला फोड आले. मांड्या घासून घासून सोलल्या. सीता दहा पावलं पुढं, डोक्यावर पदर. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्यासमोर कधी मान वर करून बोलली नव्हती. मी मागं पडलो की ती उभी राहायची, मी आलो की परत चालायची. संध्याकाळी घरी आलो आणि न जेवता आडवा झालो. मनात म्हणलं, आता आधी वजन जातंय की मी जातोय.

उपासाची अक्कल

आता खरी माती खाल्ली ती सांगतो.

आमच्या भागात मेंढरं शेतात बसवली की लेंडीखत मिळतं, म्हणून शेतकरी मेंढरांची वाटच बघत असतात. त्यात मी हॉटेलवाला. चौसाळ्याच्या आजूबाजूच्या प्रत्येक माणसानं माझ्याकडं चहा प्यालेला. मला मेंढरामागं बघून सगळे चाट!

"अरे, हॉटेलवाले दादा! आज हिकडं कावून? या, या, बसा."

हुरड्याचे दिवस होते. बांधाबांधावर आगटी पेटलेली, कोवळी कणसं भाजून हातावर चोळलेली, सोबत गूळ, दाण्याची चटणी, दही. बांधावर आलेल्या माणसाला तसंच धाडलं तर आमच्याकडं शेतमालकाला घास गिळत नाही. आणि नको का म्हणतो ते मला सांगता येत नव्हतं. बिरूच्या पोरीला स्थळं बघणं चालू होतं. बाप किडनीचा पेशंट आहे म्हटल्यावर कोण येणार? बिरूनं हात धरून सांगितलं होतं, "दादा, पोरीचं जमेपर्यंत कुणाला बोलायचं न्हाई."

मग मी अक्कल लढवली. म्हणायला लागलो, "उपास हाय माझा."

आधी सोमवार. मग मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, वर चतुर्थी. बघता बघता मी आठवड्यातले पाच दिवस उपाशी! मला वाटलं, सुटलो. कशाचं काय? बाया घरात जाऊन वेगळी चूल पेटवायला लागल्या. साबुदाण्याची खिचडी, तीही दाण्याचं कूट मूठमूठ घालून. भगर, आमटी. बटाट्याचा चिवडा. दाण्याचे लाडू. "दादांचा उपास हाय, तुपाचा हात आखडू नका गं!" आणि माझ्यासाठी कुणीतरी मुद्दाम केलंय म्हटल्यावर मी खाणार नाही, असं व्हायचं नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी, ते माझ्यासारख्याला बघूनच म्हणलं असावं.

रोज दहा-बारा किलोमीटर चालत होतो. दोन महिन्यांनी मॅडमच्या काट्यावर उभा राहिलो. एकशे चार.

"चालता ना?" मॅडमनी विचारलं.

"चालतो."

"मग हे कसं?"

मी काट्यावरून उतरून चपला घातल्या. बिरू त्या वेळी वरच्या मजल्यावर भरती होता. हातातल्या सुईच्या जागी पू झाला होता, ताप उतरत नव्हता. अकरा दिवस राहिला. मॅडम म्हणाल्या, असे झटके ते किती सोसतील ते मी सांगू शकत नाही. सीता माझ्या मागं उभी होती. तिनं एकशे चार हा आकडा ऐकला. परत येईपर्यंत तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

सीता बोलली

त्याच आठवड्यात गुरुवारी, दवाखान्यात बिरूजवळ पोरीला ठेवून, आम्ही अण्णांच्या शेतात होतो. अण्णा म्हणजे भागातलं मोठं माणूस, जमीनदार, पूर्वीचे सरपंच. त्यांच्यासमोर बापे माणसं पण जपून बोलतात. त्यांनी घरून खिचडीचं ताट मागवलं, वर दोन लाडू.

"खा रे, उपासाला चालतंय सगळं," अण्णा म्हणाले.

मी हात पुढं केला. खरं सांगतो, केला. मनात हेही आलं, आजच्या दिवस खाऊ, उद्यापासून बघू.

"अण्णा, ते ताट माघारी न्या."

मला कळेचना कोण बोललं. सीता मेंढरं सोडून बांधावर येऊन उभी होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला.

"ह्यांचा उपास-बिपास काय न्हाई. माझ्या मालकाच्या दोन्ही किडन्या गेल्यात. ह्यांची एक त्यांना बसवायचीय. डॉक्टर म्हणायलेत, वजन उतरवा, मग घेतो. आन् ह्ये रोज बांधाबांधावर खाऊन फुगायलेत. तिकडं माझा माणूस वाळून चाललाय." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "दादा, तुमाला मोठं मानून लई दिवस गप बसले. पण तुमच्या हाताला जरा तरी लाज ठिवा."

तोंडावर पदर धरून ती मेंढरांकडं गेली.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मला तिचा रागही आला, का खोटं बोलू? चार माणसांत घरातल्या बाईनं असं बोलावं! राग उतरायला अर्धा दिवस लागला. अण्णांनी स्वतः ताट उचलून बाजूला ठेवलं. मग मला पाण्याचा तांब्या दिला.

"पाणी पी बे. आन् ऊठ. मेंढरं पुढं गेली."

आठ दिवसांत सगळ्या भागात बातमी झाली. कडा गावाकडचं एक स्थळ यायचं होतं, ते आलं नाही. पोरीचं अजूनही जमलेलं नाही. पण त्यानंतर एकाही बांधावर कुणी मला हुरड्याचं कणीस दाखवलं नाही. लांबूनच ओरडायचे, "दादा, पाणी घ्या आन् चला!" एका म्हातारीनं तर मी बोराच्या झाडाखाली वाकलो म्हणून हाकलून लावलं. ती बोरं होती, बोरानं काय होतंय? पण तिला कोण सांगणार?

हाताला काम

पोटाची भूक फार नसते. हाताची असते. दहा वाजले, पाच वाजले की माझा हात काहीतरी शोधायचा, आणि तोंडाला पाणी सुटायचं. भूक नसताना. यावर मी एकच गोष्ट केली, तेवढीच सांगण्यासारखी. खायच्या प्रत्येक वेळेला एक अंगमेहनतीचं काम लावून टाकलं. दहाला मेंढरांच्या डोणीत विहिरीचं पाणी शेंदून भरायचं, तीस-चाळीस बादल्या. दुपारी भत्त्याच्या वेळेला काठीनं बाभळीच्या शेंगा झोडायच्या. पाच वाजता वाघर लावायची. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तिचे खुंट ठोकता ठोकता शेवेची वेळ टळून जायची. खांदे दुखायचे, पण दुखऱ्या हातानं बरणी उघडावीशी वाटत नाही.

उन्हाळा लई वाईट गेला. माळावर सावली नाही, पायाखाली तवा. कितीदा तरी वाटलं, मरू दे सगळं. आणि लगेच वाटायचं, मरणार तो आहे, आपण नाही. शहाण्णव झालो आणि काटा तिथंच अडकला. दीड महिना! तेवढंच चालतोय, तेवढंच खातोय, आणि शहाण्णव. त्या दिवसांत मी घरात कुणाशी धड बोललो नसेन.

त्यातच एकदा घसरलो. हॉटेल बंद करून मंदा आत गेली होती, मी शटरच्या आतून उभ्या उभ्या शेव खाल्ली. बरणी निम्मी झाली. मागं वळलो तर मंदा दारात. मला वाटलं आता तोंड सोडणार. ती म्हणाली,

"एक इचारू? किडनी देतो म्हणालात तवा मला इचारलंत का?"

मी बरणीचं झाकण लावलं.

"देऊ नका म्हणत न्हाई मी. मीच तुमाला मेंढरामागं धाडलं. पण तुमी वजन उतरवायला लागलात तसा माझा जीव खालीवर व्हायला लागलाय. काटा अडकला की मला बरं वाटतंय. असली बाई हाय मी."

ती रडली. मी हात धुतले आणि तिच्याशेजारी खाली बसलो. खरंच, मी तिला कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी विचारलं. तिनं उत्तर द्यायला दोन दिवस घेतले, दोन्ही दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझी भाकर बांधून दिली, त्यात नेहमीच्या दोनऐवजी एकच होती. ते उत्तर.

दोन खाटा

पोळ्याच्या सुमारास काट्यानं चौऱ्याऐंशी दाखवलं. साखर उतरलेली. मॅडमनी पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या, मला एकट्याला बसवून विचारलं, कुणाचा दबाव नाही ना? मग सही केली. मला वाटलं होतं आनंद होईल. मी बाहेर बाकावर बसलो आणि बसल्या बसल्या झोपलो. एवढा थकलो होतो.

बिरू माझ्याकडं बघत राहिला. त्याचे गाल बसले होते, माझी पँट दोरीनं बांधलेली. "दादा, वडलांसारका दिसायलास," म्हणाला. आणि मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे की आता. जन्मात पहिल्यांदा धड दिसायलास. तुला कापायला माझं मन होईना."

"गप बे," मी म्हणालो. "इतके महिने भज्याचा नुसता वास घेऊन ऱ्हायलोय मी. आता तू नको म्हणलास तर तुला मीच मारतो."

भरती झाल्यावर तीच रोजची रीत. पहाटे थर्मामीटर, मग रक्त, मग कुणीतरी येऊन पुन्हा नाव-गाव विचारणार. दाराबाहेर चहावाला यायचा, त्याच्याकडं खारी असायची, आणि मी भिंतीकडं तोंड करून पडायचो. ऑपरेशनच्या सकाळी आम्हाला वेगवेगळ्या दारांतून आत नेलं. आधी मला. बिरूनं हात वर केला, मीही केला.

शुद्धीवर आलो तेव्हा कुशीत सुरी फिरवल्यासारखं दुखत होतं. मंदा उशाशी होती. पहिलं विचारलं, "बिरू?" ती म्हणाली, "बाहेर काढलंय. पण अजून सांगता येत न्हाई म्हणायलेत." मॅडम येऊन गेल्या. किडनी नीट बसवलीय, आता ती चालू व्हायची वाट बघायची. चालू झाली हे कशावरून कळणार? लघवीवरून, त्या म्हणाल्या. बिरूला सात-आठ महिन्यांत लघवी अशी झालीच नव्हती.

तो दिवस गेला. दुसरा उजाडला. मला त्याच्याकडं जाता येईना, त्याला कुणी बघू देईना. मी छताकडं बघत पडलो आणि एकच विचार डोक्यात. ते हुरड्याचे दोन महिने. ते लाडू. तेव्हाच तोंड आवरलं असतं, तर बिरू एवढा खंगला नसता, हीच किडनी धडधाकट अंगात गेली असती. आता काही झालं तर मी कुणाला काय सांगणार? मंदा म्हणाली, डोळे मिटा. मिटून तेच दिसायचं.

दहाच्या सुमारास व्हरांड्यातून पळत येणाऱ्या चपलांचा आवाज आला. नर्स कुणाला तरी दटावत होती, "अहो बाई, पळू नका, ओरडू नका!" आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात सीता ओरडत होती,

"दादा! मुतले! मालक मुतले हो! पिशवी भरली!"

शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली. मंदानं कपाळावर हात मारला आणि हसायला लागली. मलाही हसू आलं, पण हसलं की टाके ओढायचे. म्हणून मग रडून घेतलं.